पाण्याचं बिल

आमच्या बोगोटात आडनावावर कोणी थांबत नाही.
बिलाच्या कोपऱ्यात, पत्त्याच्या खाली
एक आकडा छापलेला असतो, एक ते सहा.
तेवढा पुरतो.

एकोणीस वर्षं मी ही बिलं वाटते.
आकडा घराला असतो, माणसाला नाही,
असं ऑफिसात पहिल्याच दिवशी शिकवलं.
मी मान हलवली. माझे बूट भिजलेले होते.

एकची वस्ती डोंगरावर.
दोनशे बारा पायऱ्या, मधे एक कुत्रं,
ते मला अजून ओळखत नाही.
इथं जितकं वर राहाल तितका आकडा खाली.
रुबिएला ओल्या हातानं बिल घेते,
सवलतीची ओळ बोटानं शोधते
आणि शेजारणीला ओरडून सांगते,
"निम्म्याहून जास्त सरकारनंच भरलं गं!"
जणू सरकार तिचा परदेशातला भाऊ.

चारचे एव्हेलियो सर मला जिन्यात गाठतात.
चारला सवलत नाही, वरचा भारही नाही,
जेवढं पाणी तेवढे पैसे.
कुणाचं घेणं नाही, कुणाचं देणं नाही.
हा मान की शिक्षा,
त्यांचं अजून ठरत नाही.
त्यांची गाडी चादरीखाली, सर बसच्या रांगेत.
हळूच विचारतात,
"चारचे तीन होतील का हो? मुलीची फी..."
आणि परवा फोनवर, मुलीच्या मित्राच्या आईला:
"आम्ही अगदी हद्दीवर. रस्ता ओलांडला की पाच."

सहाचं दार माझी धाकटी बहीण उघडते.
नेल्सी.
अकरा वर्षं तिचा पत्ता सहाचा आहे.
स्वयंपाकघरामागं खोली, खिडकी नाही,
पण पत्ता सहाचा.
बाईसाहेब बिल बघत नाहीत, बँक परस्पर भरते.
त्यांनी जास्तीचे भरलेले काही पैसे
फिरत फिरत रुबिएलाच्या ओळीत उतरतात.
दोघींनी एकमेकींना कधी पाहिलेलं नाही.
नेल्सी पाकीट न फोडता खणात टाकते
आणि माझ्या पिशवीत एक पाव सरकवते.
पहारेकरी तेवढ्यापुरता दुसरीकडे बघतो.
तो दोनचा. मीही दोनचीच.

म्हणजे, होते.
गेल्या मार्चात आमच्या गल्लीला डांबर लागलं,
दोन दिवे आले,
आणि मागोमाग पत्र: तुम्ही आता तीन.

रात्री सभा बसली. चादरीवर रंगानं लिहिलं,
आम्हाला दोनच राहू द्या.
गरीब असल्याचा अर्ज, तीन प्रतींत,
मीही सही केली.
हिशेब मला तरी येतो.

फक्त ओतिलिया मावशी आली नाही.
वय एकाहत्तर, जन्मभर दुसऱ्यांच्या शर्टांना काजं केली.
ती केस सेट करून आली दुसऱ्या दिवशी
आणि तीनचं पहिलं बिल घेऊन
थेट फ्रेमवाल्याकडे गेली.
"भरणार कशी?" मी विचारलं.
"कमी धुवीन," म्हणाली.
"पायरीनं राहा, पायरीनं राहा,
इतकी वर्षं ऐकलं ना मी?
मग चढले एक. आता बोला."

अर्ज मंजूर झाला.
ऑफिसात टाळ्या पडल्या, केक कापला,
केक चांगला होता.

आज मावशीच्या दाराशी उभी आहे.
ती घरात नाही. खिडकीतून भिंत दिसते,
भिंतीवर काच, काचेत तीन.
मी वाकून नवं बिल दाराखालून सरकवलं,
ते अर्धंच गेलं, आत पायपुसणं आडवं असावं.
आकड्याची बाजू बाहेर राहिली.
अजून थोडा जोर लावला असता तर गेलं असतं.
वारा सुटला होता.
मी पुढच्या घराचं बिल काढलं.